प्रमुख अर्जदार

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं, की जो अर्ज पाठवला म्हणून मी शुक्रवारी घरभर आइस्क्रीम वाटलं होतं, तो अर्ज अजूनही गेलेलाच नाही.

मी खरं तर नुसता त्याचा क्रमांक बघायला वेबसाइट उघडली होती. आमच्या संशोधन संस्थेत एक जाडजूड नोंदवही आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाचा क्रमांक तिच्यात टिपावा लागतो, आणि तो वेळेवर दिला नाही तर कार्यालयाचे प्रमुख दिवसभर तोंड फुगवून बसतात. त्यांच्या टेबलावर सतरा शिक्के आहेत, म्हणून आम्ही त्यांना शिक्केकाका म्हणतो. तर क्रमांकाच्या जागी लाल अक्षरांत एकच शब्द होता: अपूर्ण. खाली लिहिलं होतं, मुदत आज दुपारी दोन वाजेपर्यंत.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शब्द तोच.

हा अर्ज कशाचा ते आधी सांगते, नाहीतर माझ्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही. समाजाचा अभ्यास करणाऱ्या लोकांसाठी एक निधी आहे. दोन देशांतल्या दोन अभ्यासकांनी मिळून अर्ज करायचा, आणि मंजूर झाला तर आठ-दहा देशांतली माणसं चार दिवस एका छपराखाली बसवायची. प्रवास, मुक्काम, दुभाषे, सगळा खर्च निधीचा. अर्ज येतात हजारभर, मंजूर होतात पंधरा. पीएच.डी. मिळून बारा वर्षं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, आणि मला यंदा बारा पुरी होतात. म्हणजे आज दोन वाजता दार बंद झालं की कायमचं बंद. त्यातून माझी नोकरी कराराची. करार मार्चमध्ये संपतो. कार्यशाळा मिळाली तर तो वाढेल, नाही मिळाली तर नऊ वर्षांचं काम खोक्यांत भरून घरी न्यायचं आणि पलंगाखाली सरकवायचं.

हे नऊ वर्षांचं काम मी एकटीने केलेलं नाही. दुसऱ्या देशात माझ्याच वयाची, माझ्याच विषयाची एक बाई आहे. आमच्या घरात तिचं नाव ‘पलीकडची’. संगणकाच्या पडद्यावर ती दर शुक्रवारी येते, सासूबाई मागून जाता जाता तिला हात करतात, माझी मुलगी तिला आपल्या नव्या चपला दाखवते. आम्हा दोघींचा विषय म्हणजे शेजारी. एकाच जिन्यावर राहणारी माणसं एकमेकांकडे मदत कशी मागतात, आणि मुख्य म्हणजे कशी मागत नाहीत. चारशे बारा मुलाखती घेतल्यात आम्ही. एका गृहस्थांना शेजाऱ्यांची शिडी हवी होती. ते त्यांच्याकडे चाळीस मिनिटं बसले, दिव्यांविषयी बोलले, छत किती उंच आहे यावर बोलले, आणि शिडी न मागता घरी आले. तीन महिने अंधारात आंघोळ केली. या गृहस्थांवर मी अठरा पानं लिहिली आहेत, आणि लिहिताना त्यांना मनातल्या मनात भरपूर हसले आहे.

शुक्रवारी अर्ज लिहून संपला तेव्हा आम्ही दोघींनी पडद्यासमोर चहाचे कप उंचावले होते.

“झालं बाई एकदाचं! आता शेवटचं बटण तू दाब,” मी म्हणाले होते.

“छे, तू दाब. तुझा मान.”

“माझा कसला मान? तूच.”

“बरं, दाबेल कुणीतरी,” ती म्हणाली, आणि आम्ही खदाखदा हसलो होतो.

आता त्या लाल शब्दाखाली ‘बदलांचा इतिहास’ नावाची एक ओळ होती. मी तिच्यावर बोट टेकवलं आणि माझं डोकं गरगरलं. अर्जात एक चौकोन असतो, प्रमुख अर्जदार. प्रमुख एकच, दुसरी सहअर्जदार. पत्रावर, पुस्तकावर, पुढे सगळीकडे प्रमुखाचं नाव आधी लागतं. दोघींनी ‘मान्य’ म्हटलं की प्रमुखाने ‘दाखल करा’ दाबायचं. आणि मध्येच कुणी त्या चौकोनातलं नाव बदललं, की दोघींची मान्यता आपोआप पुसली जाते.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिथे तिचं नाव टाकलं होतं आणि ‘मान्य’ दाबून आइस्क्रीम आणायला गेले होते. म्हटलं, ती प्रमुख, तीच दाखल करेल. शनिवारी तिने अर्ज उघडला, माझं नाव टाकलं आणि मान्य दाबलं. रविवारी मी सहज डोकावले, म्हटलं, काय हा हिचा चांगुलपणा, आणि पुन्हा तिचं नाव. सोमवारी सकाळी तिने माझं. सोमवारी दुपारी मी तिचं, जरा रागानेच, आणि दर वेळी वाटायचं, आता तरी ही दाखल करून टाकेल. एकीनेही दुसरीला फोन करून विचारलं नव्हतं. जिन्यावर समोरासमोर आलेली माणसं ‘तुम्ही आधी’, ‘छे, तुम्ही आधी’ करत जशी तिथेच उभी राहतात, तशा आम्ही चार दिवस उभ्या होतो, आणि आमच्या डोक्यावर घड्याळ चाललं होतं. चारशे बारा मुलाखती घेऊन!

मी कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की शेजारच्या टेबलावरची मांजराच्या आकाराची पेन्सिलदाणी हलली.

लगेच तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तेव्हा आठवलं, आज तिची मुलाखत आहे, आणि मुलाखत चालू असताना फोन बंद ठेवायचा हा नियम आम्हीच केलेला. माझ्याच अक्षरात तो तिच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. मी निरोप ठेवला, पत्र पाठवलं, आणि हात चोळत बसण्यापेक्षा अर्जातली बाकीची पानं तपासायला घेतली. आणि तिथे दुसरा बॉम्ब फुटला. ‘यजमान संस्थेचं पत्र: जोडलेलं नाही.’ कार्यशाळा जिथे होणार त्या संस्थेने, म्हणजे प्रमुखाच्या संस्थेने, सही-शिक्क्यानिशी द्यायचं पत्र. मी ते घेतलंच नव्हतं, कारण प्रमुख ती असणार होती. तिनेही नसेलच घेतलं, कारण तिच्या मते प्रमुख मी!

निदान एक पत्र तरी हातात हवं. मी उठले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. तो गाडी चालवायला शिकवतो. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात त्याला बोलायची हुक्की येते.

“अगं, आईने खालच्या मजल्यावर सगळ्यांना सांगितलंय. जिन्यात तिघांनी माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, माझं काय, मी नुसतं आइस्क्रीम खाल्लं.”

“अर्ज गेला नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“गेला नाही! दोनच्या आत घालवते. फोन ठेव.”

“मी काही करू?”

“आईंचं तोंड दोन वाजेपर्यंत बंद ठेव.”

“त्यापेक्षा अर्ज घालवणं सोपं आहे,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. एवढ्या गडबडीतही मला हसू फुटलं.

शिक्केकाका खिडकीपाशी बसून फायलींना दोरे बांधत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नेहमीच्या सवयीने सुरुवात केली. “काका, आज फारच काम दिसतंय तुम्हाला. संचालक मॅडम पण गडबडीत असतील ना? म्हणजे, आज त्या कुणाला भेटतात की नाही, असंच आपलं. तसं विशेष काही नाही. एक पत्र होतं, म्हणजे अजून नाहीये, पण असतं तर...”

काकांनी दोरा खाली ठेवला. “बाई, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय ते एका वाक्यात सांगा.”

आणि मी थिजले. खरंच थिजले! शिडीवाले गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, शिडीएवढे उंच. मी त्यांना हसले होते, आणि इथे मी काकांच्या टेबलावरच्या सतरा शिक्क्यांकडे बघत दोऱ्यांविषयी काहीतरी बोलायच्या बेतात होते.

“मला संचालक मॅडमच्या सहीचं पत्र हवंय. एका तासात,” मी म्हणाले.

“हां. हे झालं वाक्य.” काकांनी घड्याळ बघितलं. अकरा वीस. “मसुदा मी टाइप करतो. मॅडम वरच्या मजल्यावर लिफ्टवाल्यांशी भांडतायत. त्यांना पकडणं तुमचं काम. बाराला त्या बाहेर जाणार.”

मी जिना दोन-दोन पायऱ्या करत चढले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आणि या सँडलमध्ये! लिफ्टचं दार उघडं होतं, आत दोन कामगार वाकून काहीतरी खोलत होते, आणि संचालक मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा लिफ्ट बिघडली होती.

“मॅडम, मला एक पत्र हवंय.” या वेळी पहिल्याच वाक्यात. “कार्यशाळेसाठी. चार दिवस, बावीस माणसं, आठ देश. आपलं मोठं सभागृह आणि दोन खोल्या संस्थेने द्याव्यात, असं.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “कधीपर्यंत?”

“बारापर्यंत.”

“आज?”

“आजच. चूक माझी आहे. म्हणजे आमची आहे. पण आता मुख्य म्हणजे पत्र हवंय.”

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या हिशोबी बाई आहेत, पटापट विचार करतात. “सभागृह जूनमध्ये मोकळं आहे. देता येईल. प्रमुख कोण?”

“ते... ठरतंय.”

“ठरतंय म्हणजे? पत्रात नाव लागतं. मी मोकळ्या जागेवर सही करत नाही.”

कामगारांपैकी एकानेही वर पाहिलं, जणू त्यालाही ऐकायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “मी.”

एकच अक्षर. पण बारा वर्षांत मी ते कुठे म्हटलं होतं? प्रबंधावरून काढलेल्या पुस्तकावर आधी मार्गदर्शक सरांचं नाव घातलं. सरांनी कधी मागितलं नव्हतं, मीच घातलं. पहिल्या लेखावर सर, दुसऱ्यावर सर, तिसऱ्यावर पलीकडची. मला कुणी ढकललं नव्हतं. मीच प्रत्येक वेळी बाजूला सरकून उभी राहत होते, आणि वर त्याला चांगलं वळण म्हणत होते.

“ठीक. या पाच मिनिटांत खाली,” मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा लिफ्टवाल्यांकडे वळल्या.

पावणेबाराला पत्र माझ्या हातात होतं. सहीची शाई ओली, शिक्का ठसठशीत. काकांनी तो मारताना दोन्ही हात वापरले होते. मी पत्र हवेत धरून जागेवर पळाले. काय सांगू, मला इतका आनंद झाला होता की मी पत्राचा वास घेतला. पण खुर्चीत बसले आणि उकळ्या जरा निवल्या. मी तिला न विचारता प्रमुख होऊन बसले होते. आणि ती तर हाती लागत नव्हती. नाव बदललं तरी तिची मान्यता हवीच होती. तिच्याशिवाय ते बटण राखाडी होतं, दाबलं जातच नव्हतं.

बारा. साडेबारा. फोन बंद. एक. फोन बंद.

एक वाजून पाच मिनिटांनी मला तिचे वडील आठवले. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. पडद्यावर मागून हळूहळू जाताना मी त्यांना नऊ वर्षं बघितलंय, कारण त्यांचा गुडघा धरतो. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे होता. पलीकडचीनेच कधीतरी दिला होता, ‘अडीअडचणीला’ म्हणून. अर्थात मी तो कधीच लावला नव्हता. अडीअडचण आली नव्हती असं नाही.

“बाबा, मी बोलतेय. तुमच्या मुलीची मैत्रीण. पडद्यावरची.”

“अगं, तू! आज शुक्रवार आहे का?”

“नाही बाबा. ती कुठे आहे?”

“वर. चौथ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय ना, त्यांची मुलाखत घेतेय. आपल्याच इमारतीत, म्हणते, घरबसल्या काम झालं.”

“लिफ्ट आहे?” मी विचारलं.

“आमच्याकडे? लिफ्ट?” ते हसले. “आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, म्हणून मला कधी लागली नाही.”

पहिल्यापासून चौथ्यापर्यंत तीन मजले, आणि त्यांचा गुडघा. माझी जीभ आपोआप जुन्या वाटेने निघाली होती. ‘असू दे बाबा, आली की फोन करायला सांगा,’ हे वाक्य ओठांवर तयार होतं. नऊ वर्षांच्या कामाला मूठमाती देणारं, पण किती सभ्य वाक्य!

“बाबा,” मी म्हणाले, “तुम्हाला वर जावं लागेल. आत्ता. गुडघा दुखेल, मला माहीत आहे. तरी जा. फोन चालू ठेवा आणि तिच्या हातात द्या.”

“बरं,” ते म्हणाले. मग चपलांचा आवाज आला.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मी एका देशातल्या खुर्चीत बसले होते आणि माझ्या कानात दुसऱ्या देशातला जिना चढत होता. एक पायरी, थांबणं, धाप, मग दुसरी पायरी. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं. “काय झालं? कुठे निघालात?” “वर. मुलीला फोन आलाय, फार घाईचा.” “मी जाऊन येऊ का?” “नको, मला जायचंय.” मी केस उपटायच्या बेतात आले. अहो, जाऊ द्या ना त्याला! पण बाबांना कुणी त्यांचं काम हिरावून घेतलेलं चालणार नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन बाहेर आली. त्यांनी मागितली नव्हती. मग पाणी. मग त्या बाईने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि बाबांनी ती सविस्तर सांगितली, कोणत्या बाजूने दुखतं, कधीपासून. एक पंचवीस झाले होते. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि माझा उजवा हात, लाज नाही त्याला, कागदावर लिहीत होता: ‘तिसरा मजला. खुर्ची. न मागता.’ आमच्या धंद्यातल्या माणसाला फाशी दिली तरी तो दोरखंडाची नोंद घेईल.

“बाबा!” मी फोनमध्ये ओरडले. “उठा!”

“उठलो, उठलो. ओरडतेस काय, मी बहिरा नाही.”

शेवटी घंटी. लांबलचक, बोट न उचलता वाजवलेली. दार, गोंधळ, तिचा आवाज, “बाबा, तुम्ही इथे कसे? काय झालं? कोण?” आणि मग तो आवाज माझ्या कानात.

“अर्ज गेला नाही,” मी म्हणाले. “आपण चार दिवस नावं बदलत बसलो. दोन वाजता मुदत संपते.”

ती काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. मग धाडधाड पायऱ्या उतरल्याचा आवाज, मागून बाबांचं “मला खाली कोण नेणार?” आणि तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्यासोबत वर आलेल्या बाईचं “बसा हो, मी आहे.” एक वाजून चौतीस मिनिटांनी पलीकडची तिच्या टेबलापाशी बसली आणि पडद्यावर आली. केस विस्कटलेले, दम लागलेला.

“थांब, थांब. घाबरू नकोस,” ती म्हणाली. “आत्ता चौकोनात माझं नाव आहे ना? मग काही बदलायला नको. पत्र माझ्याकडे आहे. मी जोडते, मान्य करते, दाखल करते. दोन मिनिटांचं काम.”

“पत्र तुझ्याकडे आहे?”

तिने पडद्याकडे पाहिलं नाही. “पंधरा दिवसांपूर्वीच घेतलं होतं. आमच्या संस्थेचं. असावं म्हणून.”

मला ते समजायला तिच्या एका श्वासाएवढाच वेळ लागला. असावं म्हणून कुणी पंधरा दिवस आधी पत्र घेत नाही. तिला प्रमुख व्हायचं होतं. तिने पत्र घेऊन ठेवलं होतं, आणि तरी शनिवारी आणि सोमवारी जाऊन तिथे माझं नाव टाकलं होतं.

माझ्या मांडीवर माझं पत्र होतं. आता ते दाखवायची गरजच नव्हती. तिने बटण दाबलं असतं, अर्ज गेला असता, कार्यशाळा मिळाली असती तर दोघींचीच असती. मला सहअर्जदार म्हणून एक ओळ मिळाली असती, करार कदाचित वाढला असता, कदाचित नसता. मी फक्त “बरं झालं, कर” म्हणायचं होतं. मी म्हणालेही, “बरं झालं...”

आणि थांबले.

“काय?” ती म्हणाली. “एक अडतीस झालेत.”

“नको. थांब. मला प्रमुख व्हायचंय.”

पडद्यावर ती इतकी स्तब्ध झाली की मला वाटलं, इंटरनेट गेलं.

“माझ्याकडेही पत्र आहे. आज घेतलं,” मी म्हणाले, आणि ते उचलून पडद्यासमोर धरलं. “माझी नोकरी मार्चमध्ये संपते, ते एक आहेच. पण ते नसतं तरी मला हवं होतं. पहिली मुलाखत माझी होती. शिडीवाले माझे होते. बारा वर्षांत माझं नाव कुठेच आधी आलेलं नाही, आणि मला ते हवंय. मी तुझ्याकडे मागतेय. तू नाही म्हणू शकतेस.”

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मलाही हवं होतं.”

“कळलं मला. पत्रावरून.”

“मग तू माझं नाव टाकत होतीस तेव्हा मी गप्प का राहिले नाही? मी विचार करतेय.” ती दोन्ही तळव्यांनी डोळे चोळत होती. “दिलेलं घ्यायची मला लाज वाटली. आणि मागायची तर त्याहून. म्हटलं, ही एकदा तरी म्हणेल, ‘मला हवंय’ किंवा ‘तू हो.’ म्हणजे मग ते माझ्या अंगावर नाही.”

“मी आज म्हटलं.”

“हो. तू म्हटलंस.” तिने मोठा श्वास घेतला. तिचा चेहरा काही आनंदी नव्हता, तो मला नीट दिसत होता, आणि मी दुसरीकडे बघितलं नाही. “बदल नाव. मी मान्य करते.”

एक त्रेचाळीस. मी तिचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. पत्र जोडलं. ते दोनदा उलटं जोडलं गेलं, तिसऱ्यांदा सुलटं. तिने मान्य दाबलं. मी मान्य दाबलं. राखाडी बटण निळं झालं. एक पन्नास. दारात शिक्केकाका नोंदवही छातीशी धरून उभे होते, कधीचे उभे होते कोण जाणे.

“दाबा की बाई!” ते म्हणाले.

मी दाबलं. एक चक्र गोल गोल फिरलं, फिरतच राहिलं, आणि मग हिरव्या अक्षरांत आलं: दाखल. खाली क्रमांक. काकांनी तिथल्या तिथे, उभ्यानेच, तो वहीत उतरवून घेतला. मी खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. किंचाळले असणार, कारण समोरच्या खोलीतली माणसं बाहेर आली. पलीकडची दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसत होती. माझ्या नवऱ्याचा संदेश आला होता, ‘आईचं तोंड सुटलं, लवकर सांग.’ मी त्याला तो क्रमांकच पाठवून दिला.

काका गेले. खोली पुन्हा शांत झाली. ती पडद्यावर अजून होती.

“ऐक,” ती म्हणाली. “तू मागितलंस, मी दिलं. आता मी मागते. कार्यशाळा मिळाली तर पहिल्या दिवसाचं पहिलं सत्र मला हवंय. एकटीला. उद्घाटनाचं भाषण.”

ते भाषण माझं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बसमध्ये, भांडी घासताना, मुलीच्या शाळेबाहेर उभी राहून मी ते दोन वर्षं म्हणत होते. पहिलं वाक्य पाठ होतं. लोक कुठे हसतील तेही मला माहीत होतं. आमच्या चारशे बारा मुलाखतींच्या शेवटी आम्ही ठासून लिहिलंय, की माणसं मदत मागत नाहीत, कारण त्यांना नकाराची भीती वाटते. हे काही खरं नाही. मला आज नकाराची एवढीशीही भीती वाटली नव्हती. ती हो म्हणेल याची वाटली होती. हो म्हणताना माणूस स्वतःचं काहीतरी उचलून देतो, आणि ते देताना त्याचा चेहरा आपल्याला बघावा लागतो.

आता ती माझा बघत होती. तिने नजर हलवली नाही.

“घे,” मी म्हणाले.

“लागलं ना?”

“फार लागलं.”

“मलाही,” ती म्हणाली. “पहिलं वाक्य काय होतं तुझं?”

“ते नाही देणार,” मी म्हणाले. “ते मागू नकोस.”

“मागितलं तर?”

मी हसायला लागले. तीही हसायला लागली. आणि मग मी तिला ते वाक्य म्हणून दाखवलं.